दुखणं थांबल्यावरचं काम

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीवर पेशंट होता आणि त्याची दाढ उघडी होती. "दादा, आई गेली... झोपेतच," त्यांची मुलगी म्हणाली. मी आधी ती दाढ पक्की बंद केली आणि मगच नांदेडहून लातूरला निघालो. उशीर झाला म्हणून लोकांनी बोल लावला. लावू द्या. दाढ उघडी टाकून आलो असतो, तर ताईंनीच माझं तोंड पाहिलं नसतं.

स्वतःचा दवाखाना टाकण्याआधी मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. माझा हात चांगला चालायचा आणि त्याची मला घमेंडही होती. दाताच्या मुळातल्या नळ्या साफ केल्या, टोकापर्यंत भरल्या, की रूट कॅनॉल संपलं असं वाटायचं. वर तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि "पंधरा दिवसांनी कॅप बसवायला या" म्हणायचं. ठणका थांबल्यावर कोण येतंय! जळकोटचे एक गुरुजी असेच मुलीच्या लग्नात अडकले आणि सात महिन्यांनी सुजलेला गाल घेऊन आले. रूट कॅनॉल फेल गेलं, दाढ काढावी लागेल, असं सांगून मी मोकळा झालो.

ताईंनी एक्स-रे खिडकीकडे धरला... बराच वेळ. "मुळं झकास भरलीस की रे. वरचं सिमेंट झिजलंय, तिथून लाळ उतरलीय आत. कणगी गच्च भरली अन् छप्पर गळकं ठेवलं, तर दाणा सडणारच." मग गुरुजींकडे वळून सरळ म्हणाल्या, "चूक आमची हाय, गुरुजी. तुमाला नीट सांगितलंच न्हाई." पेशंटसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांनी मात्र नळ्या पुन्हा साफ करून भरल्या, पक्कं फिलिंग केलं, कॅप बसवली. दाढ वाचली.

तिथून पुढे नियमच झाला. नळ्या भरल्या की त्याच बैठकीत वरचं पक्कं फिलिंग, आणि कॅपचा दिवस ठरल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही. बाहेरची रांग कुरकुरायची. "मॅडम, निलंग्याची गाडी जाईल," असं कुणी म्हटलं की ताईंचं उत्तर तयार असायचं, "दुसरी येईल. दात दुसरा येणार न्हाई." इतर डॉक्टर हसायचे, खेड्यातली माणसं दात उपटून घ्यायला येतात, त्यांना कॅप कशाला? मग ताईंचा पारा चढायचा. "का बरं? त्यांला भाकर चावायची नसती का?" त्यांची आई चाळिशीतच बोळकी झाली होती, भाकर कुस्करून खायची. ते त्या कधी विसरल्या नाहीत.

ताईंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात एक जुना सहकारी कानाशी लागला, "आता तरी सुटलास बाबा. मॅडमचं खूळ मॅडमसोबत गेलं."

"न्हाई गेलं," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. चार माणसांनी वळून पाहिलं.

परवा लोह्याच्या एक मावशी आल्या होत्या. नळ्या भरून झाल्या तशा त्या खुर्चीतून उठू लागल्या. "दुखायचं थांबलंय की आता. वर कायबी तात्पुरतं लावा अन् जाऊ द्या, कापूस वेचायच्या बाया खोळंबल्यात."

"अर्धा तास, मावशी."

"पुन्हा यीन की."

"आत्ताच."

मावशींनी मला खालून वर न्याहाळलं. पिशवी मांडीवर आपटली आणि रागारागानं मागे टेकल्या. "लई हट्टी दिसता तुमी."

"हाव," मी म्हणालो. "आ करा."