वावटळ कधी पडत नाही

लहान मूल असलेल्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. पाण्याच्या बाटल्यांची हरवलेली झाकणं सोफ्याखाली सापडावीत तसे ते सापडत राहतात. आमचे यंदाचे बहुतेक किस्से एका कॉमिकपायी झाले.

गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं हे कॉमिक 'वावटळ' नावाच्या बाईचं. दिवसा पोस्टात नोकरी, एरवी वाऱ्यावर स्वार होऊन चोर पकडणं. दर शनिवारी संध्याकाळी हर्सूलच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मी ते पोरांना वाचून दाखवते. सहा वर्षांची माझी ओवी सगळ्यांत पुढं. तिची माझ्याकडं एकच मागणी आहे: मम्मीच्या स्कूटीवर नाही, इतर पोरांसारखं रिक्षानं शाळेत जायचं. मी "पुढच्या सोमवारपासून" म्हणते. असे सोमवार बरेच झाले.

*

पोरं गच्चीवरून उड्या मारतील या धास्तीनं मी वाचताना पदरची भर घालते. "वावटळीनं आधी खाली वाकून पाहिलं, घरी विचारलं, स्वेटर घातला आणि मग ती उडाली."

गाडी लावायला आलेला नवरा म्हणाला, "ही निघेपर्यंत चोर करमाडच्या पुढं गेला असेल."

*

सासूबाई मेथी निवडता निवडता ऐकतात. त्यांचा आक्षेप केसांवर. "एवढी उडती अन् केस मोकळे? तोंडात जात नसतील व्हय?"

शेजारच्या रुबिनाभाभींना पोशाख मात्र पसंत पडला. "दुपट्टा नहीं ली, अच्छा करी. मेरा तो हर बार स्कूटी के चाक में आ जाता."

मग दोघींनी मिळून ओवीच्या स्केचपेननं वावटळीला वेणी घातली. प्रत्येक पानावर. आता केवढंही वादळ येवो, आमच्या वावटळीचा एक केस हलत नाही.

*

चार पानं मात्र मी पोरांना कधीच वाचून दाखवली नव्हती. त्यांत वावटळ उंचावरून पडते, पाय मोडून घेते. ती मी स्टेपलर मारून बंद केली होती. एम.ए. झालेल्या बाईला सुचलेला बालसंगोपनाचा हा उपाय.

एका आठवड्यात ओवी कडक उन्हात दोन दिवस फुल पँट घालून फिरली. आंघोळही "माझी मी करते" म्हणाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी धरून न्हाऊ घातलं तेव्हा गुडघा दिसला. चांगलाच सोलला होता.

"सायकलवरून पडले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वावटळ कधी पडते का?"

सासूबाई टॉवेल पिळत म्हणाल्या, "घाबरट तू हायस, अन् लपवायली ती."

*

त्या शनिवारी मी सगळ्यांदेखत पिना उपटल्या आणि पदरचा एकही शब्द न घालता चारही पानं वाचली. वावटळ पडली, रडली, प्लास्टर घालून पोस्टात कामाला गेली.

मग एका पोरानं आपलं खरचटलेलं कोपर पुढं केलं, दुसरीनं हनुवटी वर करून टाके दाखवले. ओवीनं गुडघा सगळ्यांसमोरून फिरवून आणला. रुबिनाभाभींनी बोटावरचा चटका दाखवला, तेव्हा सासूबाईंनाही राहवेना. "हे काय, हितं इळा लागलेला," म्हणत त्यांनी तळहात उघडला.

जाताना ओवी म्हणाली, "मम्मी, आता सोमवार?"

मी हो म्हणून बसले.

*

सोमवारी ओवी रिक्षात बसली. मी हसून हात हलवला, शांतपणे वर गेले, किल्ली घेतली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गॉगल चढवला आणि स्कूटीवर मागं निघाले. बरंच अंतर ठेवून. भरदिवसा या शहरात अशा तोंड बांधलेल्या शंभर बायका असतात, ओळखू येणं शक्यच नव्हतं.

रिक्षा इतकी सावकाश चालली होती की मला दोनदा पाय टेकवावे लागले. सिग्नलला नाइलाजानं शेजारी थांबले, तर रिक्षावाल्या काकांनी मान बाहेर काढली.

"ताई, अजून हळू घेऊ का? पोरगी म्हणायली, मागं मम्मी येतीय, मम्मीला एकटीला भ्या वाटतंय."