बापाचा कागद

अंधेरीच्या सेतू केंद्रात मी लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी बसलो होतो. शेजारी बसलेला माणूस आपला शाळा सोडल्याचा जुना दाखला छातीशी धरून सारखा दाराकडे बघत होता आणि शर्टाची कॉलर नीट करत होता.

“पोरगी पोलीस भरतीचा फॉर्म भरतेय,” तो म्हणाला. “लहान असतानाच तिला नि तिच्या आईला सोडून गेलो मी. आता जातीला बापाचाच कागद लागतो, म्हणून फोन केला तिने.”

मला रागच आला त्याचा.

त्याची मुलगी आली. त्याच्याकडे न बघता तिने कागद घेतला, झेरॉक्स काढली, मूळ दाखला त्याच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

त्याने मला हळूच विचारलं, “पुढे पडताळणीला परत ओरिजिनल दाखवावं लागतं ना?”

“लागतं.”

दाखला जपून पिशवीत ठेवत तो म्हणाला, “मग बोलवेल परत.”