दाजूंचं जाऊ का राहू

पांढुर्ण्यात अस्सल पांढुर्णेकर असा एकच माणूस होता, आणि तो पांढुर्ण्याचा नव्हता. जिल्ह्याचा नव्हता, मध्य प्रदेशाचा नव्हता, आणि या देशाचाही नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी हातात माइक घेऊन उभा होतो आणि समोर अख्खी जिनिंग फॅक्टरी बसली होती.

आमच्या शेजारचे दाजू जिनिंगच्या फाटकावरच्या चौकीदारीतून निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाचा तो कार्यक्रम. गावात कोणाचंही काहीही असो, भाषणाला मला उभं करतात. मास्तर असल्याची ती शिक्षा आहे. मला की ऐकणाऱ्यांना, हे अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी मी भलताच रंगात आलो. "या काळ्या मातीत जन्मलेलं, जाम नदीचं पाणी पिऊन वाढलेलं हे लेकरू!" असं म्हणून मी दाजूंकडे हात केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझा तोल जातो. मी पुढे म्हणालो, "भारतमातेचा हा साधा सुपुत्र..." तेवढ्यात दाजू हारासकट खुर्चीतून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, भाषन भल्लं झालं. पन मी नेपाळचा आहो. अन् आता तिकडंच जातो म्हनतो."

सभा गार पडली. फॅक्टरीचे शेठजी माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू दाजूंना नेपाळात मीच जन्माला घातलं. खरं म्हणजे आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. थोरल्या भावाला नेपाळीत दाजू म्हणतात, हे त्यांनीच आमच्या लहानपणी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते सगळ्या गल्लीचे दाजू झाले होते. पण पंखा विजेवर चालतो हे जसं वीज गेल्यावर आठवतं, तसं त्यांचं नेपाळ आम्हाला ते निघतो म्हणाले तेव्हा आठवलं.

आणि आठवावं तरी कसं? पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटणारा पहिला माणूस दाजू. "आता कोन्या कामाले छिंदवाड्याले जायचं काम नाही!" असं ते दारोदार सांगत होते. त्यांना स्वतःला छिंदवाड्याला उभ्या जन्मात काम पडलं नव्हतं. ठेचा असा कुटायचे की आमच्या घरात ठसका लागायचा. आणि त्यांची वऱ्हाडी! आम्ही शाळा शिकून बिघडलेली माणसं. दाजू मला म्हणायचे, "तुमी इस्तरी केल्यावानी बोलता, मास्तर. घडी मोडत नाही." नव्याने आलेला भाजीवाला एकदा त्यांचा चेहरा पाहून हिंदीत भाव सांगायला लागला, तर दाजू त्याच्यावर असे उखडले की त्याने घाबरून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली. "मले काय भायेरचा समजून राहिला का बे?" हे शब्द त्या दिवशी चौकापर्यंत गेले.

जिनिंगच्या फाटकावर त्यांचं खरं काम एकच, आगीची वस्तू आत जाऊ द्यायची नाही. कापसाच्या गंजीला ठिणगी पुरते. म्हणून दाजू येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे चाचपून माचिस काढून घेत आणि जाताना परत देत. इतक्या वर्षांत तो त्यांच्या हाताचा स्वभावच झाला. एखाद्याची गळाभेट घेतानासुद्धा त्यांचा उजवा हात समोरच्याच्या खिशावरून फिरायचा. माझ्या बहिणीचं लग्न सौंसरला होतं. आम्ही प्रेमाने म्हटलं, दाजू, तुम्ही दारात उभं राहून वऱ्हाडाचं स्वागत करा. दाजूंनी स्वागत केलं. नवरदेवाच्या काकांपासून बॅन्डवाल्यापर्यंत सगळ्यांना अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि एकेकाची माचिस काढून घेतली. लग्न लागलं, होमाची वेळ आली, महाराज म्हणाले, "अग्नी आणा." महाराजांची माचिसही दाजूंनी जमा करून घेतली होती. भर मांडवात माचिस नाही! व्याही लाल झाले. वडील मला म्हणाले, "जा, आण." मी धावत दारात गेलो तर दाजू माचिसांची पिशवी पोटाशी धरून ठाम उभे. "कापडाचा मांडव हाये, मास्तर. परत जातानी भेटन." बहिणीचं लग्न एका काडीवर अडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी दाजू स्वतः पाण्याची बादली घेऊन होमाशेजारी येऊन बसले, तेव्हा कुठे अग्निदेव प्रकट झाले. व्याह्यांचा आमच्या घरच्या माणसांवरचा विश्वास त्या दिवशी जो उडाला, तो पहिल्या नातवापर्यंत परत आला नाही.

या सगळ्यात नेपाळ असायचं, पण गोष्टीतल्यासारखं. मी शाळकरी होतो तेव्हा दाजूंच्या गावामागे एक डोंगर होता. मी मास्तर झालो तोवर त्यावर बर्फ पडला. माझं लग्न झालं त्या सुमारास तो ढगांच्या वर गेला, आणि अलीकडे तर सूर्यही त्याच्यामागे मावळायला परवानगी मागायचा. आमच्या सातपुड्याला ते मोजतच नसत. "याले डोंगर म्हनता? आमच्याकडं यावर धान वाळू घालतेत." आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "रिटायर झालो का एक दिवस राहनार नाही." इतक्या वेळा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ कोण लावतो?

आता लावावा लागला. गावाकडे भावकीने त्यांच्यासाठी दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या. इथे दोन खोल्या होत्या भाड्याच्या, आणि घरमालक म्हणाला होता, राहणार असाल तर राहा, जाणार असाल तर होळीआधी सांगा, मला भाडेकरू बघायचे आहेत. दाजूंचा मुलगा नागपूरला हॉटेलात कामाला; तो म्हणाला, "बाबा, तुमी ठरवा." झालं! दाजू ठरवायला बसले आणि सगळं पांढुर्णं कामाला लागलं.

संत्र्याच्या मंडीत, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, भेटेल त्याला दाजू एकच विचारत, "जाऊ का राहू?" आणि उत्तर काहीही दिलं तरी माणूस फसायचा. कोणी म्हणालं "राहा जी," तर दाजू भडकायचे. "काहून राहू? मानसाले आपली माती नसते का?" कोणी म्हणालं "जा," तर त्याहून जास्त. "जा म्हनता? उभी हयात इथं काढली अन् तोंड वर करून जा म्हनता?" सलूनवाल्याने म्हणे अर्धी दाढी झालेली असताना "जा" म्हटलं, तर दाजू तसेच उठून घरी आले. मी शहाणपणा करून म्हणालो, "दाजू, तुम्हाला वाटेल ते करा." ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते म्हणायला, "शेजाऱ्याले काही वाटूच नये म्हनजे हद झाली!"

होळी जवळ आली. एका दुपारी आम्ही दोघं नवराबायको त्यांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. दाजूंचं चाललंच होतं. तिकडची हवा, इकडची उन्हं, तिकडचा चढ, इकडचे गुडघे. दाजूंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बाजूला मुळ्याचा पाला निवडत होत्या. तो पाला आंबवून, वाळवून त्या गुंद्रुक करायच्या. सुरुवातीला त्याच्या वासाने गल्लीने नाकं मुरडली होती, आता थंडीत गल्ली वाट्या घेऊन रांगेत उभी राहते. वहिनी मुळातच कमी बोलणाऱ्या. लग्न होऊन इथे आल्यापासून त्यांच्या तोंडून नेपाळ हा शब्द मी ऐकल्याचं आठवत नाही. म्हणून आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की वहिनी इथल्या झाल्या, प्रश्न काय तो दाजूंचा.

माझ्या बायकोने पाल्याची एक जुडी ओढून घेतली आणि सहज विचारलं, "वयनी, तुमाले काय वाटते वं?"

"मले जायचं हाये," वहिनी म्हणाल्या. हात थांबला नाही.

दाजूंचा कप ओठाशी तसाच राहिला. माझा बशीत सांडला.

"तुले जायचं हाये?" दाजू म्हणाले. "कधीपासून?"

"आली तवापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलूनच राहिले होते नं रोज," वहिनी म्हणाल्या. मग पाला खाली ठेवून त्या माझ्या बायकोकडे वळल्या. "मोठी बहीन हाये माही तिथं. म्हातारी झाली. आता तिले दिसत नाही. फोनवर म्हनते, तुहा आवाज येते, पन हात लागत नाही. मले तिच्यापाशी बसाचं हाये." त्यांनी दाजूंकडे मान केली. "यायले इथं राहू द्या. यायचा जीव इथंच हाये, मले मालूम हाये. डोंगराचं ते नुसतंच सांगतेत."

दाजूंना गप्प बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो आणि ते पाहवत नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर जातो जातो म्हटलं त्याला जायचं नव्हतं, आणि जिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही तिचं पाऊल उंबऱ्यावर होतं. भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही. मला शहाणा समजून लोक भाषणाला बोलावतात!

दाजूंनी कप खाली ठेवला. ठरवायला सगळी थंडी ज्याला पुरली नव्हती तो माणूस एवढंच म्हणाला, "बरं. जाऊ." आणि घरमालकाला सांगायला चप्पल घालून निघाले.

होळीनंतर आम्ही स्टेशनवर गेलो. इटारसीकडे जाणाऱ्या गाडीला अर्धं पांढुर्णं लोटलं होतं. रुमालात बांधलेली भाकर, संत्र्यांची टोपली, कोणी तुरीची डाळ दिलेली, कोणी सौंसरहून खास आणलेली सांडगी मिरची. वहिनी खिडकीत बसल्या होत्या, त्यांचा चेहरा एखाद्या माहेरी निघालेल्या पोरीसारखा दिसत होता. दाजू मात्र डब्याच्या दारात एक पाय आत, एक पाय फलाटावर. सगळ्यांना सूचना चालू होत्या. नळ नीट बंद करा, सलूनवाल्याला सांगा राग नाही. गाडीने शिट्टी दिली तसे ते एकदम खाली उतरले, माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाले, "मास्तर, तिथं माह्यासंगं वऱ्हाडी कोन बोलन?"

मी पंचवीस वर्षं भाषणं करतो. त्या क्षणी मी नुसती संत्र्यांची टोपली त्यांच्या हातात दिली.

खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "मी बोलीन नं! चढा आता, गाडी सुटून राहिली."

दाजू चढले.

घरी येताना मी फार भारावलो होतो. रिक्षात बायकोला म्हणालो, "बघ, याला म्हणतात संसार! बायकोच्या मनातलं कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा माणूस हिमालयापर्यंत गेला." मी आणखीही पुष्कळ बोललो असणार, सवयच आहे. बायको बाहेर बघत होती. तिचं माहेर लोधीखेडा. सौंसरच्या पुढे, इथून बसने दुपारच्या आत पोचता येतं. तिथे तिची आई असते.

घर आलं. मी रिक्षावाल्याला पैसे देत होतो, तेव्हा ती कुलूप उघडता उघडता, मागे न बघता म्हणाली, "लोधीखेड्याची सकाळची बस किती वाजता असते हो आजकाल?"