पहिला घाणा

सोपाऱ्याच्या बाजारातले वाणी गास गावच्या बायांवर नेहमी नाराज असत. भाजीच्या टोपल्या रिकाम्या झाल्या की या बाया त्यांच्या दुकानांवरून तरातरा निघून जायच्या. कुणी भाव कमी करून हाक मारली तरी मान वळवायच्या नाहीत. तेल, साखर, डाळ, सगळं त्यांना गावच्या भांडारातूनच हवं असायचं. आणि भांडार म्हणजे तरी काय, तर ते चालवणाऱ्या सॅन्टनच्या घराची पडवी! वर्षाची वर्गणी भरलेल्या सभासदालाच तिथं माल मिळायचा. सुटं काही नाही, पुडी बांधून देणं नाही. तेलाचा डबा घ्यायचा तर अख्खा, नाहीतर दोन घरांनी मिळून. भांडी आपली आपण न्यायची, आणि सॅन्टनची बोलणी तेवढी फुकट.

शहाण्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माल स्वस्त पडतो म्हणून लोक चिकटून आहेत. स्वस्त पडायचा, खोटं कशाला बोला. पण खरं कारण होतं पहिला घाणा. मुंबईहून नवीन तेल आलं की ज्याने ते आणलं त्याच्याच घरी शनिवारी त्यातलं पहिलं तळण व्हायचं. घरच्या सगळ्यांनी ते खायचं, पोराबाळांसकट. रविवारी देवळात मिस्सा सुटल्यावर त्या घरची बाई पोरांना घेऊन पडवीत उभी राहायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "आम्ही खाल्लं." मग सॅन्टन डबे वाटायला घ्यायचा. असा दुकानदार सोपाऱ्यात कुठून मिळणार?

डेल्फिनचा नवरा प्लासिड भांडारासाठी माल आणायचा, म्हणून घाणा बहुतेक वेळा डेल्फिनच्याच चुलीवर पडायचा. बाई कामाला वाघीण होती. केळीचा घड पाठीवर टाकून वाडीतून घरापर्यंत एका दमात यायची. पण पोटच्या पोरीचं नाव निघालं की तीच बाई घाबरीघुबरी व्हायची. पहिला मुलगा काविळीने गेला होता. त्यानंतर कितीतरी नवसांनी सालोमी झाली, ती आता पाच वर्षांची होती आणि नुकतीच टायफॉइडातून उठली होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाताळ जवळ आला होता आणि गोडेतेल बाजारातून गडप झालं होतं. नेहमीच्या व्यापाऱ्याने हात वर केले, तेव्हा प्लासिडने दुसऱ्या, अनोळखी व्यापाऱ्याकडून डबे उचलले. त्याच आठवड्यात पेपरात आलं की लांब कुठल्याशा गावात तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं होतं. लोकांचे पाय सुजले, माणसं दगावली. प्लासिडने ते मोठ्याने वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. डेल्फिन मात्र ते विसरली नाही.

शनिवारी तिने डबा फोडला. तेलाचा वास घेतला. नेहमीसारखाच होता, की जरा उग्र होता? पुन्हा घेतला, तरी कळेना. अंगणात सालोमी कोंबडीमागे धावत होती, काटकुळ्या पायांनी. डेल्फिनने त्या पायांकडे पाहिलं. तिने डब्याचं तोंड फडक्याने बांधलं, फळीवरच्या बरणीत तळाशी उरलेलं जुनं तेल कढईत ओतलं आणि त्यात बोंबील तळले. प्लासिडने मिटक्या मारत खाल्ले. "चांगलंय गो तेल," तो म्हणाला. डेल्फिनने मान हलवली.

रविवारी पडवीत उभं राहून ती म्हणाली, "आम्ही खाल्लं." सगळ्यांनी सालोमीकडे पाहिलं. पोर ठणठणीत. डबे घरोघर गेले.

त्या दिवसापासून डेल्फिनला भीतीने पछाडलं. मिस्सेला ती गुडघे टेकायची तेव्हा डोळे समोरच्या रांगेतल्या पायांवर असायचे. कुणाची चप्पल घट्ट वाटली की ती त्याचे घोटे निरखत बसायची. घरातला डबा तिने तांदळाच्या कणगीमागे ढकलला आणि सगळं कालवण खोबरेल तेलात करू लागली. प्लासिडने विचारलं, तर म्हणाली, "नाताळासाठी राखते." खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं, आणि डेल्फिनकडे तर त्याला घालायला जुनं तेलही उरलं नव्हतं.

मग एका सकाळी विहिरीवर शेजारची मटिल्डा सहज बोलली. "आमच्या आईचे पाय सुजलेत. वहाण चढत नाही."

डेल्फिनच्या हातून दोर सुटला आणि बादली विहिरीत आदळली.

ती तशीच ओल्या लुगड्याने मटिल्डाच्या घरी गेली. मटिल्डाची सासू कॅथरिन आजी खाटेवर पाय लांब करून बसली होती. डेल्फिनने तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. काढला, तर खळगा तसाच राहिला.

"गेल्या रविवारी वडे खाल्ले," आजी बोळक्या तोंडाने हसली. "मटिल्डा नको म्हनत होती, पेपरात आलंय म्हने. मी म्हटलं, डेल्फिनने पोरीला घातलंय, मग मला म्हातारीला काय होतंय?"

डेल्फिन बाहेर आली आणि माडाला टेकून उभी राहिली. आधी तिच्या मनात फादर आले. कन्फेशनमध्ये सांगावं, मोकळं व्हावं. पण फादरना सांगून तिचं पाप गेलं असतं. तेल मात्र घराघरांत राहिलं असतं, आणि दुपारी पुन्हा कढया चढल्या असत्या. सांगितलं तर? भांडार बुडणार. प्लासिडला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सालोमी मोठी होईल ती खोटारडीची पोर म्हणून. एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि समोरच्या घरातून फोडणीचा वास आला.

ती वळून आत गेली. "मटिल्डा, मी खाल्लं नव्हतं. जुन्या तेलात तळलं. पोरीच्या भीतीने."

मटिल्डाच्या हातात सुपली होती. ती तिने खाली ठेवली. स्वयंपाकघरात गेली, तेलाचा डबा उचलून आणला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. दार लावून घेतलं.

मग डेल्फिन घरोघर फिरली. "तेल खाऊ नका. आम्ही खाल्लं नव्हतं." प्रत्येक दारात तेच. कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसतं बघत राहिलं. खाडीकडच्या कृष्णाबाईने कपाळावर हात मारला. "अगं, माझ्या घरात पन तेच तेल! बाळंतीन सून हाय माझी. तिला पानी पचत नाय, आनि मी तुझ्या शब्दावर तेल घातलं!" डेल्फिन पुढच्या दाराकडे वळली.

प्लासिडला कळलं तेव्हा त्याने कणगीमागचा डबा बाहेर ओढला. मग आजीला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. तेलाची बाटली तपासणीला पाठवली. बायकोशी तो बोलेनासा झाला. सॅन्टनच्या पडवीत डबे परत येऊन रांगेत उभे राहिले. गावात त्या नाताळाला करंज्या कमी आणि कुजबूज जास्त झाली. डेल्फिन रोज मटिल्डाच्या बंद दारावरून जायची, खिडकीतून आजीचे पाय दिसतात का ते बघायची आणि पुढे व्हायची. आपण एका घरात मरण नेऊन ठेवलं आहे, असंच तिला वाटायचं, आणि ते कुणाला बोलूनही दाखवता येत नव्हतं.

शेवटी निकाल आला. तेल शुद्ध होतं. आजीचं हृदय थकलं होतं; गोळ्या सुरू झाल्या आणि सूज उतरली. डॉक्टर प्लासिडवर खेकसले, "तेल तपासायला काचेच्या नळ्या असतात हो, पोरं नसतात!" डेल्फिन देवळात जाऊन ढसाढसा रडली. पण भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता गाव काय करणार, ही भीती.

नवीन वर्षाची वर्गणी भरायचा रविवार आला. डेल्फिन घराबाहेर पडली नाही. प्लासिड परत आला तो जरा चक्रावलेला. कुणीही सभासदत्व सोडलं नव्हतं. सॅन्टनने मोठ्याने विचारलंही होतं, की कुणाला बाजारातून माल घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. तेव्हा कृष्णाबाई म्हणाली होती, "बाजारवाला दारात येऊन सांगल काय, की मी खोटं बोललो, तेल खाऊ नका?"

पुढच्या तेलाचा डबा सॅन्टनने पुन्हा डेल्फिनच्याच दारात आणून ठेवला. "घाणा इथंच," एवढंच म्हणून गेला. या तेलाची बाटली आधीच तपासून आली होती, कागद होता, सगळं होतं. तरी शनिवारी चुलीसमोर बसल्यावर तिने दोनदा तेलाचा वास घेतला. सालोमी ताटली घेऊन बाजूला येऊन बसली. कढईत वडा फुगून वर आला, आणि तो पोरीच्या ताटलीत टाकायला डेल्फिनचा हात पुढे होईना.

दारात सावली पडली. मटिल्डा उभी होती. विहिरीवरच्या त्या सकाळनंतर ती पहिल्यांदाच या घरात येत होती. हातात तिची स्वतःची ताटली होती.

ती आली आणि डेल्फिनच्या शेजारी पाटावर बसली. "चार वर्षांमागे घाणा माझ्याकडे होता," ती चुलीकडे बघत म्हणाली. "तेव्हा मी पोरांना शनिवारी सकाळीच माहेरी धाडलं होतं. रविवारी आणलं आणि पडवीत उभं केलं. आजवर कुणाला बोलले नाही. तू बोललीस."

डेल्फिनने वडा झाऱ्यावर उचलून कढईवर निथळत धरला.

मटिल्डाने सालोमीची ताटली हळूच मागे सारली आणि आपली पुढे केली.

"आधी मला वाढ," ती म्हणाली.