यूडोराबाईंनी कालवलेली राख

सेंट सायप्रियनच्या देवळात रविवारच्या सूचना वाचायचा मान गेली एकवीस वर्षं यूडोराबाईंचा. फादर येतात, बदलून जातात, एक तर लढाईच्या दिवसांत होडीत बसून गेले ते परत आलेच नाहीत. पण प्रसाद वाटून झाला की पांढरी टोपी, पांढरे हातमोजे आणि चष्मा अशा थाटात बाई उभ्या राहणार आणि येत्या आठवड्यात कोणी कुठे किती वाजता काय करायचं ते सगळ्या केप पामास गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार, हे काही बदललं नाही. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. बायकांच्या दिनाला कोणत्या रंगाचं कापड, बिशपसाहेबांना पामफळांचं कालवण कोण आणणार आणि त्यात मासा सुका की ताजा, सगळं बाई ठरवत.

वेदी-मंडळाच्याही त्याच प्रमुख. वेदीवरचं कापड धुणं, चांदीचा पेला घासणं, फुलं मांडणं ही त्या मंडळाची कामं. मंडळात बायका सात. सातही जणी झगा घालणाऱ्या, टोपीवाल्या, ‘सुधारलेल्या’. आमच्याकडे हा भेद मोठा. झगेवाली बाई डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसत नाही, आणि कमरेला कापड गुंडाळून बाजारात बसणारी वेदीला हात लावत नाही. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणूनच ते कोणी खोडू शकत नाही.

ते खोडायचं फादर ड्वे यांच्या मनात आलं. फादर तरुण, तिघांच्या हातचं काम एकट्याने ओढणारे. नाताळनंतर त्यांनी न्योनोला मंडळात घेतलं. न्योनो साबणवाली. समुद्राकडच्या उतारावर तिची चूल. तिथे ती राखेचं पाणी गाळून पामतेलात उकळायची आणि काळपट साबणाचे गोळे करून शनिवारच्या बाजारात विकायची. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी बिशप येणार होते, त्यांच्या हातून तिचं दृढीकरण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून देवळात पक्कं सामावून घेणं, व्हायचं होतं आणि त्याच दिवशी तिला मंडळाचा पांढरा झगा मिळायचा होता. झगा शिवूनही झाला होता. न्योनो रोज शिंप्याच्या दारावरून जाताना आत डोकावायची, इतकी की शिंपी म्हणाला, “अगं, पळून नाही जात तो झगा.”

यूडोराबाईंनी तोंडाने विरोध केला नाही. फक्त न्योनो आली की त्या पेला स्वतःकडे ओढून घेत आणि तिला झाडू देत.

उपवासकाळ सुरू होतो राखेच्या बुधवारी. त्याची तयारी मंगळवारी. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघर नेलेल्या झावळ्या लोक आणून देतात, त्या जाळायच्या, राख चाळायची, तेलाच्या दोन थेंबांत कालवायची, आणि बुधवारी सकाळी फादर त्या राखेने प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात. माणसा, तू माती आहेस याची आठवण. सूर्य मावळेपर्यंत ती पुसायची नाही, हा बाईंचा नियम. गेल्या वर्षी एकीने दुपारीच तोंड धुतलं, तर बाईंनी पुढच्या रविवारी सूचनांच्या शेवटी, नाव न घेता, तिला असं सोलून काढलं की बिचारी महिनाभर मागच्या बाकावर बसली.

झावळ्या न्योनोने जाळल्या. राखेशी तिची रोजचीच ओळख. चाळून, डब्यात भरून तिने ती वेदीमागच्या खोलीत आणली. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, तेलाची बाटली रिकामी. राजधानीहून, मनरोव्हियाहून, यायचं तेल रस्त्यात कुठेतरी चिखलात रुतलेल्या ट्रकमध्ये होतं.

“बाई, माझ्याकडे खोबरेल आहे,” न्योनो म्हणाली. “कालच काढलंय. आणू?”

“अंगाला चोपडायचं तेल वेदीवर?” बाई म्हणाल्या. “पाणी घालू. बाप्तिस्म्याच्या कुंडातलं, मंतरलेलं.”

न्योनो डबा छातीशी धरून उभी राहिली. “बाई, रागावू नका. राखेत पाणी नको. रात्रभर राहिलं तर ते चावतं. साबणाचं पाणी होतं त्याचं.”

“हे साबणाचं पातेलं नाही, न्योनो. प्रार्थना केलेली राख चावत नाही. जा, बाहेरचं आवार झाड.”

आणि बाईंनी राख पाण्यात कालवली. चांगली पातळ कालवली, झाकून ठेवली आणि घरी गेल्या.

बुधवारी सकाळी देऊळ भरलेलं. वेदी-मंडळाला मान पहिला, त्यामुळे बाई रांगेत सर्वांत पुढे. फादरांचा अंगठा कपाळाला लागला, ओला गार क्रूस उमटला, आणि बाई मान खाली घालून वेदीमागच्या खोलीत गेल्या, पुढच्या विधीसाठी पेला आणायला. पेल्याला हात लागायच्या आधी कपाळ चुरचुरायला लागलं. मग झोंबायला लागलं.

ते झोंबणं बाईंच्या ओळखीचं होतं. साठ वर्षांपूर्वी कवाला नदीच्या काठी एका गावात, चार वर्षांच्या एका मुलीने आईची पाठ वळलेली पाहून राखेच्या पाण्यात बोट बुडवलं होतं. आईने तिला फरफटत नदीवर नेलं होतं, बोट धुतलं होतं आणि वर पाठीत धपाटा घातला होता. ती मुलगी यूडोराबाई. आई येदे, साबणवाली. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सातव्या वर्षी पोर मिशनच्या मास्तरांच्या घरी राहायला आली, नाव बदललं, झगा आला, पायात बूट आले. आई शनिवारी पाटी घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची. एकदा एका मैत्रिणीने विचारलं, ही कोण गं? पोर म्हणाली, आमची धुणंवाली. येदेने ते ऐकलं. पुढच्या शनिवारपासून फाटकाच्या खांबाजवळ केळीच्या पानात साबणाचा गोळा ठेवलेला असायचा, आई नसायची.

बाईंनी मडक्यातलं पाणी घेऊन खसाखसा कपाळ धुतलं. तीनदा धुतलं. दाराच्या फटीतून रांग दिसत होती. चाळीस-पन्नास माणसं अजून बाकी होती, त्यात पहिलीच्या वर्गातली पोरं होती, आणि अजून झगा न मिळालेली म्हणून शेवटून तिसरी न्योनो होती. दार उघडून चार पावलं टाकायची आणि म्हणायचं, फादर, थांबा. एवढंच होतं. बाई दारामागे उभ्या राहिल्या. एकेक कपाळ पुढे येत होतं आणि बाई मोजल्यासारख्या बघत होत्या. मग त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि पेला घेऊन बाहेर आल्या. मला राग येतो तो पाण्याचा नाही, या दारामागच्या उभं राहण्याचा. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही स्वतःचा तेवढाच आला असावा, कारण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुपारपर्यंत गावाच्या कपाळावर फोड आले. क्रूसाच्या आकाराचे, लालभडक. फादरांच्या अंगठ्याची साल निघाली. पोरं रडली, आया कडाडल्या. सगळ्यांत वाईट भाजली ती न्योनो. राख झोंबते आहे हे तिला कळत होतं, पण बाईंनी सांगितलं होतं की प्रार्थना केलेली राख चावत नाही आणि सूर्य मावळेपर्यंत पुसायचं नाही. तिने सूर्य मावळेपर्यंत पुसलं नाही.

दोष कोणाचा हे ठरायला गावाला फार वेळ लागला नाही. गायनवृंदातल्या क्लॅरिसबाईंनी निकाल देऊन टाकला, “साबणाच्या कढईत जाळल्या असणार झावळ्या. कढईला खार चिकटलेला. मी म्हणतच होते, बाजारातली बाई वेदीपाशी आणू नका. घ्या आता!”

“मी कोरडी राख दिली,” न्योनो फादरांना म्हणाली. “नव्या पत्र्यावर जाळलेली.” त्यापुढे ती बोलली नाही.

फादर बाईंकडे आले, अंगठ्याला फडकं बांधलेलं. “बाई, कालवताना काही वेगळं घातलंत का?”

“नेहमीसारखंच,” बाई म्हणाल्या.

फादरांनी मान हलवली आणि गेले. बाईंच्या शब्दावर शंका घ्यायची गावात रीतच नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण त्या मुठीत बाईंचं काळीज होतं. गुरुवारी, शुक्रवारी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. आरशासमोर गेल्या की कपाळ दिसायचं, गुळगुळीत, कुठे डाग नाही. अख्ख्या गावात तेवढं एकच.

रविवारी फादरांनी सूचनांचा कागद हातात दिला. अक्षर फादरांचं, डाव्या हाताने लिहिलेलं. बाई उभ्या राहिल्या.

“शुक्रवारी पाच वाजता क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. शनिवारी आवार साफ करायचं, ज्याने त्याने आपापला कोयता आणावा. बायकांच्या दिनाची गाण्याची तालीम मंगळवारी, उशिरा येणारीने मागे उभं राहावं. चौथ्या रविवारी बिशपसाहेब येणार. दृढीकरण घेणाऱ्यांनी...”

इथे बाई थांबल्या. पुढची ओळ होती: न्योनो टो यांना वेदी-मंडळातून मोकळं करण्यात येत आहे, त्यांचं दृढीकरण पुढे ढकलण्यात आलं आहे.

बाईंनी चष्मा काढला. समोर बाकांवर ओळीने कपाळं, प्रत्येकावर खपली धरलेला क्रूस. सगळी बाईंकडे विश्वासाने बघत होती. मागच्या बाकावर न्योनो, खाली बघत.

“ही ओळ मी वाचणार नाही,” बाई म्हणाल्या. “चूक न्योनोची नाही. माझी आहे. राखेत पाणी मी घातलं.”

क्लॅरिसबाईंनी पंखा हलवायचा थांबवला आणि उसासा सोडला. “बघा! याला म्हणतात मन. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं.”

“धन्य आहे बाईंची!” कोणीतरी मागून म्हणालं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “उपवासकाळाचा अर्थ आज बाईंनी शिकवला. बाई, तुमच्यासाठी आम्ही न्योनोला माफ करतो.”

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. खोटं बोलल्या तेव्हा मान मिळाला होता, खरं बोलल्या तर दुप्पट मिळाला. टाळ्या थांबेनात. बाईंनी हातमोजे काढले, मग टोपीची टाचणी काढली, मग टोपी. देवळात त्यांना बिनटोपीचं कोणी पाहिलं नव्हतं.

“माझं कपाळ बघा,” त्या म्हणाल्या.

टाळ्या विरल्या. बाई पुढे बोलल्या त्या इंग्रजीत नाही. ग्रेबोत बोलल्या, बाजारातल्या, नदीकाठच्या. ती भाषा त्यांनी शाळेत पोरांना बोलू दिली नव्हती, बोलणाऱ्याच्या हातावर पट्टी मारली होती. शब्द अडखळत होते, पण खरे होते.

“राख सगळ्यांत आधी मला लागली. आधी मलाच झोंबली. मी आत जाऊन धुतली. तुम्ही सगळे रांगेत होता. मी दारामागे उभी होते आणि बघत होते. फादरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी येदेची मुलगी. कवालाकाठची येदे, साबण उकळायची ती. लहानपणी त्याच पाण्याने माझं बोट भाजलं होतं.”

आता टाळी नव्हती. एका आईने आपल्या पोराचं कपाळ हाताने झाकलं. क्लॅरिसबाई जमिनीकडे बघत होत्या. फादर उठले, पुन्हा बसले.

मागे न्योनो उभी राहिली. तिच्या कपाळावरचा फोड फुटून ओला होता.

“बुधवारपासून सगळे मला विचारतात, तू बोलत का नाहीस,” ती म्हणाली. तिचाही आवाज ग्रेबोत, पण त्याला अडखळायचं कारण नव्हतं. “मी म्हटलं, बाई शिकलेल्या. राख त्यांना कुठून कळणार? न कळून झालेल्या चुकीसाठी म्हातारीला चारचौघांत कशाला खाली बघायला लावायचं? म्हणून मी गप्प बसले.”

टोपी बाईंच्या हातात चुरगळत होती.

“तुला ठाऊक होतं,” न्योनो म्हणाली.

“होतं,” यूडोराबाई म्हणाल्या.