केस येईस्तोवर

म्हाळूतात्या समोरच्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या अंगावरचा केस उचलायचे. नमस्कार वगैरे नंतर. केस दोन बोटांत चोळायचा, उजेडात धरायचा आणि मग निकाल द्यायचा. पहिल्याच भेटीत माझ्या शर्टावरचा कुत्र्याचा केस उचलून म्हणाले, "सर, ह्यो आतला हाय. वरचा राठ असतो. आतला सुटायला लागला म्हंजी महिनाभर तुमचं काय खरं न्हाई."

उभा जन्म त्यांनी संगमनेरच्या वरच्या पठारावर मेंढरांची लोकर कातरण्यात घालवला होता. गुडघे गेले तेव्हा लेकीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आले. आमचा सरदार जर्मन शेफर्ड. ही मूळची मेंढ्या राखणारी जात, असं मी त्यांना अभिमानानं सांगितलं. सरदार तेव्हा सोफ्यावर उताणा पडला होता. तात्या म्हणाले, "मेंढरं घरी बोलवत असंल."

सरदारचे केस चष्म्यावर, आमटीत, नुकत्याच फोडलेल्या साबणावरसुद्धा सापडायचे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे उपाय शास्त्रीय असतात. केस आपोआप बाहेर जावेत म्हणून मी टेबलफॅन दाराच्या दिशेनं लावला. ते सगळे स्वयंपाकघरात गेले. "वारा घालणं आन् कोरडं झाडणं म्हंजी केसाला गाव दाखवणं," तात्या म्हणाले.

माझी बायको सुनंदा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. कुणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं काम, तिच्या चकलीला पुण्याहून मागणी. दसऱ्यानंतर एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर फोटो पाठवला. चकली, चकलीवर केस, केसाभोवती लाल गोल. सुनंदानं डबा परत मागवला आणि भावाला फोन केला, "रविवारी टेम्पो घेऊन ये. सरदारला रानात ने." ती रागावली असती तर मी समजूत तरी काढली असती. ती शांत होती.

मी तात्यांकडे धावलो. म्हटलं, कातरून द्या.

"मेंढरू कातरलं की घोंगडी व्हती. ह्याचं काय करू?" तात्या म्हणाले. "केस घरातनं काढू नका सर, कुत्र्यातनं काढा. रोज, दाराभाईर, फणीनं."

रोज, हा शब्द मला मानवत नाही. शनिवारी दुपारी सुनंदा बाजारात गेलेली पाहून मी माझं दाढीचं मशीन काढलं. डावी बाजू झाली आणि मशीननं मान टाकली. सरदार डावीकडून वासरू आणि उजवीकडून अस्वल दिसू लागला. शिवाय ते बारीक केस सोफ्यात आणि माझ्या बनियनमध्ये कुसळांसारखे रुतून बसले. लांब केस निदान उचलता तरी येत होते.

रविवारी मेहुणा आला. सरदारभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दाजी, ह्याला कशानं चाटलं?"

सुनंदानं साखळी त्याच्या हातात दिली. सरदारला वाटलं फिरायला जायचंय, त्यानं शेपटी हलवली. तेवढ्यात तात्या कुंपणापाशी आले, सरदारकडे बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, आज धाडू नका. कातरलेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधत न्हाईत. केस येईस्तोवर मालकाच्या दारात. आमच्यात चाल हाय."

सुनंदानं तात्यांकडे पाहिलं, सरदारकडे पाहिलं. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.

"किती दिवस लागतील?"

"तीन-चार महिनं. त्यात सरांनी काम अर्धंच केलंय."

मेहुणा करंज्या घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला तात्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून हजर. मी उकिडवा, हातात फणी. ते स्वतः फणीला शिवायचे नाहीत. "कुत्रं तुमचं, हात तुमचा." माझी चूक झाली की काठी टेकवायचे, "उलटं न्हाई. केसाच्या कलानं. बायकूशी वागता तसं." थोडं थांबून, "न्हाई, तसं नको." मग घरात येऊन ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, ओला रबरी हातमोजा सोफ्यावरून फिरवायचा, आणि हे सगळं सुनंदाची कढई चढायच्या आत. सरदारला स्वयंपाकघराचा उंबरा बंद. हा नियम तो आठ दिवसांत शिकला, मला माझे शिकायला तीन आठवडे लागले.

संक्रांतीच्या गुळपोळ्या गेल्या, एकही फोटो आला नाही. सरदारची डावी बाजू उजवीला येऊन मिळाली. टेम्पोचा विषय सुनंदानं काढला नाही. मी कशाला काढतोय.

उन्हाळ्यात तात्या अंथरुणाला खिळले. एकदा जवळ कुणी नाही असं पाहून मी विचारलं, "तात्या, ती चाल कुठल्या गावची?"

"कुठलीच न्हाई," ते म्हणाले. "पन तुमच्या घराला लागत हुती."

पुढच्या आठवड्यात ते गेले.

दहावा झाल्यावर मी हे सुनंदाला सांगितलं. ती भाजणीचे तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "माहीत होतं. माझ्या माहेरी रानात दरवर्षी धनगरांची मेंढरं बसायची. आज कातरली की उद्या बाजारात."