प्रेताचं तोंड कुठं होतं

नव्वदच्या आसपास उल्हासनगरात गोळ्या चालणं नवीन राहिलं नव्हतं. आमच्या चौकात भर दुपारी पँट शिवणाऱ्या एका कारागिराला कुणीतरी गोळ्या घालून मारलं. पोलीस आले तेव्हा अख्ख्या चौकाचं एकच उत्तर: काही पाहिलं नाही. शेजारच्या घरात काय शिजतंय ते वासावरून ओळखणारी ही माणसं, त्या दुपारी नेमकी आंधळी-बहिरी झाली.

मी अंबरनाथच्या एका पथनाट्य ग्रुपमध्ये होतो. लोकांना बोलतं करावं म्हणून आम्ही त्याच चौकात त्या खुनावर नाटक केलं. मेलेला कारागीर मी. कुणी बोलायला लागेपर्यंत प्रेत उचलायचं नाही, असं दिग्दर्शकाने ठरवलं होतं.

गोळीचा आवाज म्हणून एकाने पत्र्यावर फळी आपटली. मी पडलो.

"बोला, काय वाटतं तुम्हाला?" दिग्दर्शकाने गर्दीला विचारलं.

मग किराणावाला म्हणाला, "आवाज ऐसा नहीं था, यार. फटाके जैसा था."

"आणि पडला असा नव्हता," आमच्या चाळीतले रिटायर्ड सुपरवायझर म्हणाले. "तोंड गटाराकडे होतं." पुढे येऊन त्यांनी चपलेच्या टोकाने माझा खांदा वळवला. "हां, आता बरोबर."

मग जो तो सुरू झाला. मारेकरी कुठल्या गल्लीत पळाला, स्कूटर कुठं लावली होती. दुसऱ्याची चूक काढायला मिळाली की आमच्या लोकांची भीती कुठल्या कुठे पळते.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, "काका, म्हणजे तुम्ही तिथं होतात?"

मी डोळे उघडले. कारागिराची बायको होती.

"आम्ही नाटकाबद्दल बोलतोय, बाई," सुपरवायझर म्हणाले आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागले. मागोमाग किराणावालाही सटकला.

दुसऱ्या दिवशी ती चौकीत गेली. मीही गेलो, ऐकलेलं सगळं सांगितलं. सुपरवायझर आणि किराणावाला, दोघांना बोलावणं गेलं. दोघांनीही लिहून दिलं की नाटक बघून आपली कल्पना केली. प्रकरण तिथंच मिटलं.

चौकीच्या पायरीवर सुपरवायझरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काम मस्त केलंस हो. फक्त मेल्यावर तुझं पोट हलत होतं."

त्यांना शिवी द्यायचंही माझ्या जिवावर आलं. ती बाई पुढं बदलापूरला, हेंद्रेपाड्यात भावाकडे राहायला गेली.